अक्रोडाचा दस्ता

१

“अंगानं बरोब्बर आहे. लाकडाला हात लावावा लागणार नाही.”

हे डेलियाच्या कानावर पडावं अशी कुणाची इच्छा नव्हती. ती मागच्या पडवीत एका पायावर उभी राहून बुटातला बर्फ झटकत होती. स्वयंपाकघराचं दार कितीही ओढलं तरी दोन बोटं उघडं राहतं, हे कोस्केलांच्या घरात तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नसावं. जन्मभर त्याच दारातून ये-जा करणाऱ्यांना दार दिसेनासं होतं.

“मोजलंस कधी?” हा आवाज सासूबाईंचा, इल्मींचा.

“लग्नात. चर्चच्या दारात मिठी मारली तेव्हा. कोपराच्या खोबणीपासून बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत. सव्वातेरा इंच. आईचंही तेवढंच होतं.”

“आणि गाल?”

“गालाचं तुला कळणार. मला काय विचारतेस?”

मग कॉफीत चमचा फिरल्याचा आवाज, आणि अर्वोंचं, म्हणजे सासऱ्यांचं, समाधानाचं खाकरणं.

डेलिया पडवीतच थांबली. हरणांच्या शिकारीचा मोसम पंधरा नोव्हेंबरला उघडायचा, तीन आठवडे उरले होते. कोस्केलांच्या घरात नव्या सुनेने पहिल्या सकाळी रायफल घेऊन रानात बसायचं असतं, हे तिला लग्नाआधीच सांगून झालं होतं. म्हणजे ही लग्नाची भेट असणार, गुपचूप ठरत असलेली. चांगलीच माणसं म्हणायची. फक्त मिठी मारताना माप घ्यायचं म्हणजे जरा अतीच झालं. शिंपीसुद्धा आधी सांगतो.

तिने मुद्दाम बूट जोरात आपटले आणि आत गेली. दोघं तिच्याकडे बघून हसली. सासूबाईंची नजर तिच्या डोळ्यांवर नव्हती, थोडी खाली, उजव्या गालावर होती.

२

डेलियाला स्वतःची रायफल हवी होती. हट्ट म्हणून नव्हे. तीन महिन्यांत त्या घरातली एकही वस्तू तिची झाली नव्हती. ताटं सासूबाईंची, पलंग नवऱ्याच्या बालपणीचा, तिच्या कपाचा कानसुद्धा दुसऱ्या कुणाच्या बोटाने झिजलेला.

शनिवारी तिचा नवरा एरो तिला गावातल्या दुकानात घेऊन गेला. तिथे बूट, गळाला लावायची गांडुळं, चीज आणि रायफली एकाच काउंटरवर मिळत. दुकानदार गॉर्डन याने खालच्या रांगेतली एक काढून तिच्या हातात दिली. खांद्याला टेकवायचा काळा प्लास्टिकचा दस्ता, राखाडी नळी, वर दुर्बीण बसवलेली. किंमत चारशे तीस डॉलर. गोळी भरायचा बोल्ट मागे ओढला तर तो खरखरला, जणू मध्ये वाळूचे कण होते.

“खरखरते,” ती म्हणाली.

“खरखरणारच. दिवसाला शेकड्यांनी बनतात या. पण शंभर यार्डांवर तीन गोळ्या इंचभरात टाकते, मी स्वतः बघितलंय. दस्ता पोकळ आहे, वाजवून बघा. भोपळ्यासारखा वाजतो.”

तिने वाजवला. वाजला. तिने नाकाशी नेला. त्याला कसलाच वास नव्हता. हे तिला सगळ्यात आवडलं.

“कुठल्या तुम्ही?” गॉर्डनने विचारलं.

“सॅगिनॉ.”

“म्हणजे पुलाखालच्या!” तो खूश झाला. सामुद्रधुनीवरच्या पुलाच्या दक्षिणेला राहणारे सगळेच इथे पुलाखालचे, पुलाखाली दबा धरणाऱ्या राक्षसांच्या गोष्टीतल्यासारखे. “मग यांना ही चालेल, एरो. पुलाखालचे लोक हरणाला शिंगाकडून धरतात की शेपटीकडून हेच ठरवत बसतात.”

एरो हसला. मग म्हणाला, “अगं, पण घरी आजीची आहे ना. एकदा ती लावून बघ. मग ठरव.”

गॉर्डनचा हात रायफलीवर होता तो तसाच राहिला. “सायमीची? अजून आहे ती?” आणि उत्तराची वाट न बघता त्याने चारशे तीस डॉलरची रायफल तिच्या हातातून हळूच काढून पुन्हा रांगेत ठेवली. “मग तुम्हाला ही कशाला लागणार?”

तो विनोद करत नव्हता. आणि एवढा वेळ तिच्या डोळ्यांत बघून बोलणारा तो माणूस आता तिच्या चेहऱ्याकडे बघेना.

३

सायमीची रायफल घरात नसे. ती सौनात असे.

घरामागे सौनाची लाकडी खोली, तिच्यापुढे कपडे काढायची छोटी खोली. शनिवारी दुपारी सगळ्यांची वाफेची अंघोळ झाली आणि दगड निवत आले, की सासूबाई रायफल आतल्या खालच्या बाकावर आडवी ठेवत, सगळ्यांनी अंग पुसलेल्या टॉवेलात गुंडाळून. जवसाचं तेल उबेत लाकडात मुरतं, असं त्यांचं म्हणणं. ते खरंही आहे. डेलियाने नंतर विचारून खात्री करून घेतली.

“ही घरातल्या बायकांची,” इल्मी म्हणाल्या. “पुरुषांनी आपापल्या घ्याव्यात, काय वाट्टेल तो कचरा. माझ्या सासूनं, सायमीनं, ही स्वतःच्या अंगावर बेतून घेतली होती, फिनलंडच्या कारागिराकडून. त्या काळी एवढ्यात नवी गाडी आली असती. सासरे वर्षभर बोलत नव्हते तिच्याशी.”

टॉवेल बाजूला झाला. रायफल सुंदर होती, त्याबद्दल वाद नाही. अक्रोडाच्या लाकडात काळ्या-तांबूस लाटा. बोल्ट उचलला तर आवाजच नाही, तुपात बोट फिरावं तसा सरकला. दुकानातल्या रायफलीची आठवण होऊन डेलियाला तिची कीव आली.

मग तिने दस्त्याला हात लावला. तो गरम होता. सौनातला बाक कोमट होता, टॉवेल कोमट होता, पण दस्ता त्याहून गरम. आणि दमट. तळवा उचलताना जरासा चिकटला, मग सुटला. वास आला तो तेलाचा नव्हे. न धुतलेल्या केसांच्या मुळांचा, फाटलेल्या दुधाचा, आजारी माणसाच्या उशीचा.

“गाल लाव,” सासूबाई म्हणाल्या.

तिने लावला. दस्त्यावर गाल टेकायला एक उंचवटा असतो, तो गालाखाली आपोआप आला. गालाच्या हाडाखाली भरून आला. दोन वर्षांपूर्वी अक्कलदाढ काढली होती तिथे तिचा जबडा किंचित खोल होता. त्या खोलगटातसुद्धा लाकूड होतं.

डेलिया दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायची. नीट बसणं म्हणजे काय हे तिला चांगलं माहीत होतं. एखादी वस्तू पहिल्याच दिवशी इतकी बसत नाही.

“बसली?” इल्मींनी विचारलं. त्यांचा श्वास तिच्या कानावर येत होता.

“बसली,” डेलिया म्हणाली, कारण खोटं बोलायला काही सुचलं नाही.

सासूबाईंनी तिचा हात हातात घेऊन तळव्यावर तेल ओतलं. “आता दर शनिवारी तू चोळायचंस. फडकं नाही, तळव्यानंच. आणि पहिलं हरीण पडलं की त्याच्या काळजाची चरबी तिला लावायची, गरम गरम. त्याआधी आपण कुणी खायचं नाही.”

४

मंगळवारी एरो तिला जुन्या खाणीत सरावाला घेऊन गेला. शंभर यार्डांवर पुठ्ठा लावला. डेलियाने आयुष्यात कधी गोळी झाडली नव्हती. तिने गाल टेकवला, डोळे गच्च मिटले, आणि श्वास सोडावा की धरावा हे ठरवत असतानाच बार झाला.

अशा तीन गोळ्या झाल्या. तिन्ही एकाच भोकातून गेल्या होत्या. भोक जरा लांबट झालं होतं, एवढंच.

“अरे बापरे!” एरो पुठ्ठा नाचवत आला. “कुणाला सांगितलं तर विश्वास बसणार नाही. पुलाखालचं रक्त आणि हा नेम!”

“एरो, मी चाप ओढला नाही.”

“हलका असतो तो. महागड्या रायफलीत तेच तर असतं. बोटाला कळतसुद्धा नाही.”

“माझे डोळे मिटलेले होते.”

“पहिल्यांदा सगळ्यांचेच मिटतात.” त्याने तिला मिठी मारली. ती मिठीत आखडली, आणि त्याने काय मोजलं असेल हा विचार आल्यावर स्वतःचीच लाज वाटली.

त्याचं म्हणणं पटण्यासारखं होतं. हलका चाप, जड नळी, बेतलेला दस्ता; असली रायफल अनोळखी हातातही चांगली चालते, म्हणूनच तिला इतके पैसे पडतात. डेलियाने हे सगळं मनात दोनदा म्हटलं. मग रायफल खाली ठेवायला गाल उचलला, आणि गालापासून लाकडापर्यंत एक तार ओढली गेली. बारीक, चकाकणारी, लाळेसारखी. ती लांब होत गेली, मध्ये बारीक झाली, आणि तुटून तिच्या हनुवटीवर पडली.

तिने हातमोज्याने पुसली. ती थंडीतही गार नव्हती.

५

दुसऱ्या आठवड्यात तिच्या उजव्या गालावर पावडर बसेना. बोटाला तिथे मेणकापडासारखं गुळगुळीत लागायचं. गालावरची बारीक लव गेली होती. आरशात तिरकं पाहिलं की त्या जागी उजेड पडायचा.

घर्षणाने होतं असं. व्हायोलिन वाजवणाऱ्यांच्या मानेवर होतं. तिने ते वाचलं होतं. पण व्हायोलिन वाजवणारे वर्षानुवर्षं वाजवतात. तिने एकूण नऊ गोळ्या झाडल्या होत्या.

सासूबाई वेलदोड्याच्या पावाचं पीठ मळत होत्या. डेलिया समोर बसून वेलदोडे सोलत होती. खिडकीतला पांढरा उजेड इल्मींच्या चेहऱ्यावर आडवा पडला होता. डाव्या गालावर साठ वर्षांच्या सुरकुत्या. उजवा गाल सपाट, बशीसारखा, एक रेघ नाही. गालाचं हाड जिथे असायला हवं तिथे नव्हतंच. तीन महिने तिने समजूत करून घेतली होती की लहानपणी घोड्याने लाथ मारली असेल. असं कुणी सांगितलं मात्र नव्हतं.

“तुम्हाला पहिल्यांदा बसली होती का ती?” तिने विचारलं.

“मला?” इल्मी हसल्या. हसताना चेहऱ्याचा फक्त डावा भाग हसला. “छे गं. माझं थोराड तोंड! सायमी बघायची आणि नाक मुरडायची. थोडं घासावं लागलं.”

“दस्ता?”

पिठातले हात थांबले. सासूबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं ताटात पाय ठेवणाऱ्या लहान मुलाकडे बघतात.

“दस्ता कसा घासणार, पोरी? अक्रोड आहे तो. तसलं लाकूड आता मिळतं का कुठं?”

आणि त्या पुन्हा मळायला लागल्या. पीठ बोटांतून वर येत होतं, पांढरं, फुगीर, दमट. डेलियाला त्या पावाचा वास नेहमी आवडत असे. त्या दिवशी तिने वेलदोड्यांची वाटी सरकवली, मोरीपर्यंत कशीबशी गेली, आणि सकाळचं सगळं ओकली.

“बरं नाही का?” मागून आवाज आला. “की काही गोड बातमी?”

६

तेरा तारखेला जेवणाच्या सुट्टीत ती एकटीच दुकानात गेली आणि चारशे तीस डॉलरची रायफल विकत घेतली. गॉर्डनने खोकं बांधून दिलं. या खेपेला विनोद केला नाही. “लवकर यायला हवं होतं,” एवढंच म्हणाला.

प्रयोगशाळेतून तिने एक वस्तू पिशवीत टाकली: दातांचं माप घ्यायची गुलाबी भुकटी. पाण्यात कालवली की लगदा होतो, दोन-तीन मिनिटांत घट्ट होतो, आणि ज्यावर दाबला त्याची रेघन् रेघ उचलतो. तिला फार काही सिद्ध करायचं नव्हतं. दस्त्याचं माप घ्यायचं, लाकडाचे रेषे बघायचे, आणि स्वतःला मूर्ख म्हणून मोकळं व्हायचं.

ती लवकर सुटून घरी आली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. सासरे ट्रकमध्ये सामान भरत होते, एरो कामावर. सौना थंड पडलेली होती. आत शिरताना तिच्या तोंडातून वाफ निघत होती. टॉवेल उघडला तर दस्त्यावरूनही निघत होती.

तिने लगदा कालवला, उंचवट्यावर दाबला आणि मनात आकडे मोजले. बाहेर अर्वो शीळ वाजवत होते. खोलीत दुसरा आवाज नव्हता. मग एक होता, पण तो तिच्याच पोटातला असणार.

माप निघालं तेव्हा बाटलीतून बूच निघावं तसा चोखल्याचा आवाज झाला. तिने ते खिडकीशी धरलं. लाकडाचे रेषे नव्हते. बारीक छिद्रं होती, हजारो, गालावर असतात तशी. सैल पडलेला गाल, डुलकी लागलेल्या माणसाचा. आणि लगद्यात अडकलेली लव, पिवळसर, तिच्याच केसांच्या रंगाची. असेल, तिने तिथे गाल घासला होता ना. पण प्रत्येक केसाच्या टोकाला मुळाचा पांढरा ठिपका होता.

लगदा उरला होता. तिने दुसरं माप घेतलं, त्याच जागेचं. एकच माप घेऊन कधी कवळी बनवू नये, हे तिला पहिल्या दिवशी शिकवलं होतं.

दुसरं पहिल्यासारखं नव्हतं. या वेळी गाल आत ओढलेला होता, घट्ट, आणि मधोमध आडवी रेघ होती. असली रेघ तिने शेकडो मापांत पाहिली होती. दातांच्या कडेने आतून चावलेल्या गालाची रेघ, तोंड भरलेलं असताना उमटणारी.

दोन मापांमध्ये चार मिनिटं गेली होती. तेवढ्यात ते चावायला लागलं होतं.

७

चौदा तारखेला जेवण साडेपाचलाच होतं; पहाटे लवकर निघायचं म्हणून. ताटात खिमा-बटाट्याच्या, करंजीसारख्या पेस्ट्या, कडेला बिटाचं लोणचं. डेलियाने खोकं आणून खुर्चीला टेकवून ठेवलं आणि आतली काळी रायफल बाहेर काढली.

कुणी रागावलं नाही. ते तिला जास्त जड गेलं.

“हौस असते,” अर्वो म्हणाले. “माझ्या बहिणीनंही आणली होती एक. लाव बघू गालाला, पोरी.”

तिने लावली. प्लास्टिक गार होतं, कोरडं, कुणाचंच नसलेलं. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धरला, आणि दुर्बिणीत तारखा दिसायच्या ऐवजी काळी चंद्रकोर दिसली. गाल वर सरकवला तर कोर खाली गेली, खाली आणला तर बाजूला. दोन आठवड्यांपूर्वी दुकानात याच रायफलीतून तिला पलीकडची गांडुळांची बरणी स्वच्छ दिसली होती. रायफल बदललेली नव्हती.

“बघ,” इल्मी हळूच म्हणाल्या.

“डेलिया.” एरोचा आवाज मऊ होता, आणि त्याची कळकळ खरी होती. “पोटात गोळी लागलेलं हरीण रात्रभर मरत नाही गं. ओढत ओढत जातं, आतडी मागे घेऊन. मी एकदा पाहिलंय. तुझ्यानं ते बघवणार नाही. आजीच्या रायफलीनं असं कधी झालं नाही, एकदाही. त्याला कळायच्या आत संपतं. स्वस्त-महाग सोड, त्याच्यासाठी तरी ती घे.”

काळी रायफल खुर्चीला टेकवून डेलिया खाली बसली. ती ताटाकडे बघत राहिली. पेस्टीतून चरबी निथळून ताटात गोठली होती.

सासूबाई उठल्या. सौनातून टॉवेलात गुंडाळलेलं ओझं घेऊन आल्या आणि तान्हं मूल द्यावं तसं डेलियाच्या मांडीवर ठेवलं. ऊब स्कर्टमधून मांडीला लागली. तो वास आला, केसांचा, दुधाचा, उशीचा. तिघंही जेवायचे थांबले होते. तिघंही तिच्या उजव्या गालाकडे बघत होते, आणि तिघांच्या तोंडांना पाणी सुटलेलं होतं; अर्वोंनी ओठ पुसले.

टॉवेलाखाली काहीतरी हललं. मोठी हालचाल नव्हे. घशातून घोट उतरतो तेवढी, एकदा, आणि मग पुन्हा.

डेलियाने ओझं उचललं, ताटांच्या मध्ये, पेस्ट्यांच्या शेजारी ठेवलं, आणि हात टेबलाच्या कापडाला पुसले. बोलायला तोंड उघडलं तर उजवी बाजू उघडेना. गाल तिचा असल्यासारखा वागत नव्हता. मग ती डाव्या बाजूने बोलली. शब्द जरा बोबडे आले, पण तिघांना नीट ऐकू जातील एवढ्या मोठ्याने. त्या घरात ती एवढ्या मोठ्याने पहिल्यांदाच बोलत होती:

“उद्या मी माझी घेऊन जाणार. नेम बसला नाही तर गोळी झाडणार नाही, एरो, दिवसभर झाडाखाली बसून रिकामी परत येईन. पण अर्वो, तुमच्या आईला मी माझ्या तोंडानं जेवू घालणार नाही.”